औंधचे सूर्योपासक श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

चेन्नईहून नैर्ऋत्येस सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर जिंजीचा किल्ला उभा आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना तो दाखवावयास नेणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्राबाहेरचा किल्ला एकच, आणि तो जिंजीचा. सतराव्या शतकाच्या अखेरच्या धामधुमीत छत्रपती राजाराम महाराजांनी येथून मराठी राज्याचा कारभार हाकला आणि याच मुक्कामी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण केले. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. पुढे हा अधिकार किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आला व त्यांच्या वंशात स्थिर झाला. औंधचे पंतप्रतिनिधी घराणे ते हेच.

तमिळ भूमीत जन्मलेल्या या पदाचा वारसा पुढे ज्या पुरुषाकडे आला, त्याचे नाव तलवारीमुळे किंवा मुत्सद्देगिरीमुळे अजरामर झाले नाही. ते झाले रोज पहाटे नेमाने केलेल्या एका व्यायामामुळे. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शोधून काढले असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात नमस्कारांचा प्रघात त्यांच्या कितीतरी आधीपासून होता, आणि परंपरा त्याचा संबंध समर्थ रामदासांशी जोडते. परंतु आपल्या घराचा नेम म्हणून त्याचा अंगीकार करून, तो नेम साऱ्या संस्थानाचा आणि पुढे साता समुद्रांपलीकडच्या लोकांचा व्हावा, यासाठी जवळजवळ चार तपे झटणारा संस्थानिक एकच झाला. आरोग्याचा संकल्प आपण सारेच करतो आणि तो महिन्या दोन महिन्यांत विरतो. बाळासाहेबांचा संकल्प का विरला नाही, हे त्यांच्या चरित्रातून पाहण्यासारखे आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. वडील श्रीनिवासराव हे औंधचे अधिपती. बाळासाहेब हे त्यांचे धाकटे चिरंजीव. धाकट्या पातीला गादी मिळण्याची शक्यता फारशी नव्हती, आणि कदाचित त्यामुळेच त्यांचे शिक्षण इतर राजपुत्रांपेक्षा अधिक कसून झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि नंतर मुंबईस त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळाच असत. वडिलांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे कारभारही पाहिला. वडिलांच्या मागे थोरले बंधू व नंतर पुतणे गादीवर आले, आणि अनेक घडामोडींनंतर १९०९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब औंधचे अधिपती झाले.

संस्थान लहानच. सत्तरएक गावे, तीही सलग नव्हेत. सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत विखुरलेली. पाऊस बेताचा, जमीन कोरडी, उत्पन्न तुटपुंजे. असे राज्य चालवावयाचे तर राजाला ऐषआराम परवडणारा नव्हता.

व्यायामाची गोडी मात्र त्यांना गादीच्या आधीच लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या मल्लाचे नाव जगभर गाजत होते. ज्याच्या नावाचे बनियन आजही आपण दुकानात मागतो, तोच हा सँडो. त्याच्या पीळदार देहाची छायाचित्रे, त्याचे डंबेल्स, त्याची ताणाची यंत्रे आणि पुस्तके यांनी हिंदुस्थानातील तरुणांनाही भुरळ घातली होती. १८९७ साली बाळासाहेबांनी हे सारे साहित्य मागविले आणि एक दोन नव्हे, सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. शरीर कमावले गेले, स्नायू भरले. सामान्य माणसाच्या दृष्टीने येथे विषय संपावयास हवा होता.

तो संपला नाही. मिरजेच्या अधिपतींशी त्यांचा स्नेह होता, आणि नमस्कारांचा व्यायाम करून पाहावा असा त्यांचा आग्रह होता. १९०८ च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, बाळासाहेबांनी सँडोची साधने बाजूस सारली आणि सूर्यनमस्कारांचा नेम धरला. दहा वर्षांची अंगवळणी पडलेली सवय माणूस सहसा सोडीत नाही. ती सोडावीशी वाटली याचे कारण दोन व्यायामांच्या प्रकृतीत होते. सँडोचा व्यायाम करणाऱ्याला साधने लागत, त्यांसाठी पैसा लागे, आणि त्याचे फळ आरशात दिसे. तो एकट्याने करावयाचा आणि एकट्यापुरता उरणारा व्यायाम होता. नमस्काराला माणसाच्या लांबीरुंदीएवढी स्वच्छ जमीन पुरते. तो राजवाड्यात होतो तसाच झोपडीत होतो. आजोबा आणि नातू, आई आणि मुलगी एकाच वेळी तो करू शकतात. ज्याच्या डोळ्यांपुढे औंधची गरीब प्रजा होती, त्याला हा भेद महत्त्वाचा वाटला तर नवल नाही.

या व्यायामाची रचना पाहिली तर त्यातील योजकता ध्यानी येते. हात जोडून ताठ उभे राहावयाचे, हात वर नेऊन अंग ताणावयाचे, मग कमरेतून वाकून तळवे जमिनीस टेकवावयाचे. एक पाय मागे, नंतर दुसरा. मग कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन पावले अशी आठ अंगे भूमीस लागतात व पोट वर उचललेले राहते. तेथून छाती व मस्तक वर, पुढे कंबर उंच, आणि पुन्हा त्याच क्रमाने उभे. औंधच्या पद्धतीत अशा दहा अवस्था असत. श्वास प्रत्येक अवस्थेशी बांधलेला, आणि आरंभी सूर्याचे एक नाव. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क आणि भास्कर ही ती बारा नावे. पाठीचा कणा पुढे व मागे वाकतो, खांदे, मांड्या, पोटऱ्या, मनगटे यांना काम मिळते, श्वास खोल होतो, आणि हे सारे काही क्षणांत.

या नावांचा आणि बीजमंत्रांचा बाळासाहेबांना मोठा आग्रह असे. त्यांच्या श्रद्धेचा तो भाग होताच, परंतु त्यात एक व्यावहारिक शहाणपणही होते. शरीर सुधारण्यासाठी केलेला व्यायाम शरीर सुधारले की सुटतो, किंवा लवकर सुधारत नाही म्हणून सुटतो. पूजेचे तसे नसते. देवापुढे दिवा लावताना आज लाभ किती झाला याचा हिशेब कोणी मांडीत नाही. तिन्हीसांज झाली की दिवा लागतो. बाळासाहेबांनी व्यायामाला व्यायामशाळेतून उचलून नित्यकर्मात बसविले. आंघोळ, संध्या, न्याहारी यांच्या रांगेत नमस्कार आले, आणि आज करू की नको, हा प्रश्नच उरला नाही.

त्यांचे दुसरे पाऊल याहून महत्त्वाचे होते. प्रजेकडे वळण्याआधी ते घराकडे वळले. राणीसाहेब नमस्कार घालू लागल्या, राजपुत्र आणि राजकन्या घालू लागल्या. राजघराण्यातील स्त्रियांनी व्यायाम करावा ही कल्पनाच त्या काळी धीट होती. बाळंतपणाने आणि सोवळ्याओवळ्याने थकलेल्या आपल्या स्त्रियांची प्रकृती हा राष्ट्राचा प्रश्न आहे असे बाळासाहेब मानीत, आणि मुलींसाठीही नमस्कारांचा पुरस्कार करीत. घरातील मुले हे पाहत वाढली. त्यांतील एक, आप्पासाहेब पंत, स्वतंत्र भारताचे नामांकित राजदूत झाले आणि वडिलांचा सूर्यनमस्कारांचा वारसा त्यांनी देशोदेशी नेला व त्यावर लेखनही केले. पित्याने पुत्राला उपदेश किती केला असेल ते असो. पुत्राने जे उचलले ते डोळ्यांनी पाहिलेले होते.

मग शाळांची पाळी आली. औंध संस्थानातील शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. सक्ती हा शब्द आज आपल्या कानांस खटकतो, आणि तो खटकावा हे योग्यच आहे. राजाज्ञेने घातलेले नमस्कार काही मुलांनी कंटाळत घातले असतील, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आज्ञा देणारा स्वतः त्याच पहाटे तोच घाम गाळीत आहे हे प्रत्येक मुलाला ठाऊक होते. यासाठी त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, इंग्रजीतही लिहिले. १९२० नंतरच्या दशकात ती पुस्तके दूरवर पोहोचली. गावोगावी व्याख्याने दिली, प्रात्यक्षिके केली, अवस्था दाखविणारे तक्ते छापले, बोलपट येण्याच्या काळात या विषयावर चित्रफीतही काढून घेतली. व्यासपीठावर अंगरखा उतरवून स्वतः नमस्कार घालून दाखविणारा राजा लोकांनी याआधी पाहिला नव्हता.

१९३६ साली बाळासाहेब इंग्लंडला गेले. वय अडुसष्टाच्या घरात. लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या लेखिका लुईझ मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली. त्यांचा ताठ कणा, तुकतुकीत कांती आणि चपळ हालचाली पाहून या बाईंना त्यांचे वय खरे वाटेना. आठ मुलांच्या मातोश्री असलेल्या राणीसाहेबांचे आरोग्य पाहून तर त्या अधिकच चकित झाल्या. त्यांनी वृत्तपत्रात यावर लिहिले आणि १९३८ साली बाळासाहेबांचे पुस्तक त्यांच्या संपादनाखाली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रज वाचकांनी दिवाणखान्यातील गालिचे गुंडाळून नमस्कार घालण्यास आरंभ केला तो या पुस्तकामुळे. येथेही लेखिकेला पटवून देणारी गोष्ट युक्तिवादाची नव्हती. तिच्यासमोर उभे असलेले दांपत्य हाच पुरावा होता.

हा मनुष्य केवळ व्यायामवेडा होता असा समज मात्र होऊ नये. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी ग्रंथ काढला. ते रंगून कीर्तन करीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१८ साली महाभारताच्या सचित्र व चिकित्सक आवृत्तीची कल्पना त्यांनी मांडली आणि एका लहान संस्थानाच्या ऐपतीबाहेरची एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, पुरे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून हलावे लागले तेव्हा १९१० साली कुंडलजवळचे माळरान त्यांना कारखान्यासाठी देणारे बाळासाहेबच. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांना त्यांनी औंधला आश्रय दिला. सातवळेकरही आसने व नमस्कार यांचे पुरस्कर्ते, आणि ते शंभरी ओलांडून जगले. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर यांच्या शिक्षणाचा काही काळ औंधच्याच शाळेत गेला. यमाईच्या डोंगरावरील वस्तुसंग्रहालय १९३८ साली उभे राहिले, ते आजही पाहणाऱ्याला थक्क करते. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले, आणि तेही १९३५ साली इंदूरला, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांमध्ये. इतका व्याप असलेल्या माणसाला रोजच्या व्यायामासाठी वेळ मिळत होता. ज्याच्याजवळ वेळ नाही त्याने आपला दिवस या दिवसाशी ताडून पाहावा.

शरीराला लावलेली शिस्त मनाला लागली आहे की नाही, याची कसोटी त्यांच्या सत्तरीत आली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी राज्याची सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला. आप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी परिश्रम केले, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधला ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली स्वराज्याची घटना मिळाली. राजाच्या स्वतःच्या खर्चालाही तीत मर्यादा घातली गेली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. १९५७ सालचा व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. हातची सत्ता आपण होऊन सोडणे आणि पहाटेचे अंथरूण आपण होऊन सोडणे यांत अंतर मोठे आहे. तरी दुसऱ्याचा सराव पहिल्याला उपयोगी पडला असावा, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांनी देह ठेवला.

संस्थान गेले तशी शाळांतील राजाज्ञाही गेली. नमस्कार जर आज्ञेवरच उभे असते तर तेही तिच्याबरोबर गेले असते. प्रत्यक्षात काय झाले ते आपल्या चेन्नईतच पाहावे. म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत शिकविणारे तिरुमलै कृष्णम्माचार्य पुढे मद्रासला येऊन स्थायिक झाले आणि १९८९ साली याच शहरात शतायुषी होऊन निवर्तले. त्यांच्या नावाचे योगमंदिर १९७६ पासून येथे चालू आहे. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास गेले आणि अखेरपर्यंत पुणेकर होऊन राहिले. दक्षिणेतून आसने पुण्याला गेली आणि औंधचे नमस्कार दक्षिणेतील योगवर्गांत रुळले. आज अडयार किंवा अण्णानगर येथील वर्गात आपली मुले तमिळभाषी शिक्षकाकडून सूर्यनमस्कार शिकतात, तेव्हा त्यामागे सातारा जिल्ह्यातील एका राजाच्या चाळीस वर्षांच्या पहाटा आहेत हे त्या मुलांना ठाऊक नसते. ते आपण त्यांना सांगितले पाहिजे.

सांगताना विवेकही सोडू नये. नमस्कारांच्या आणि मंत्रांच्या परिणामांविषयी बाळासाहेबांनी जे जे मानले ते सर्व आजच्या वैद्यकाच्या कसोटीस उतरेल असे नाही. कोणताही व्यायाम सर्व रोगांवरील औषध नव्हे. गुडघे, पाठ किंवा रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी वैद्याला विचारूनच आरंभ करावा. परंतु प्रौढ माणसाने आठवड्यात निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. आठवड्याच्या सात दिवसांवर वाटले तर हे रोजचे जेमतेम बावीस मिनिटांचे काम आहे. मधुमेह आणि हृदयविकार यांनी आपल्या शहरांत घरोघर ठाण मांडलेले असताना एवढा वेळ काढणे हा छंद नव्हे, गरज आहे.

आपली अडचण वेगळी आहे. गावाकडे तालीम असे, पारावर थट्टा करणारे सवंगडी असत, आणि पहाटे ओसरीवर नमस्कार घालणारे आजोबा असत. मुलाला व्यायाम शिकवावा लागत नसे. तो ते पाहतच मोठा होई. येथे परमुलखात, दोन खोल्यांच्या सदनिकेत, आजोबा शेकडो कोसांवर आहेत. म्हणून मुलांनी पाहावयाचे ते आईवडिलांकडेच. भाषा टिकवावी, सण टिकवावेत, यासाठी गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने खटपट केली आणि ती सुफळ झाली. घरात मराठी बोलणाऱ्यांच्या मुलांनाच मराठी आली, हा या पन्नास वर्षांचा अनुभव आहे. आरोग्याचेही नेमके तसेच आहे. सांगून ते येत नाही. घरात ते चालू असावे लागते.

आरंभाला मुहूर्त हवा असेल तर तोही आपल्या दोन्ही मुलखांनी सोयीचा नेमला आहे. रथसप्तमीला आपल्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवांची सांगता होते. त्याच दिवशी आपले तमिळ शेजारी एरुक्कुची म्हणजे रुईची पाने डोक्याखांद्यांवर ठेवून सूर्यासाठी स्नान करतात. त्या पहाटे घरातील सर्वांनी मिळून बारा नमस्कार घालावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. दिवस दमट असो, रात्री उशिरा निजणे झालेले असो, संख्या कमी झाली तरी चालेल, खंड पडू देऊ नये. आणि मुलांना उठविण्यासाठी हाका मारण्याऐवजी आपण जमिनीवर सतरंजी पसरून उभे राहावे. औंधच्या राजाने एवढेच केले होते. आपल्या या किनाऱ्यावर सूर्य रोज समुद्रातून वर येतो. त्याला सामोरे जाण्यासाठी चेन्नईकर मराठी माणसाला दूर कोठे जावयास नको.